सांताकडे मागितलेला बीटल

अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली, पण इथल्या एका गोष्टीची मला अजून सवय झालेली नाही. थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली रे संपली की दुकानात, लिफ्टमधे, दंतवैद्याच्या खुर्चीत, फोनवर ताटकळताना, जिथे जाल तिथे नाताळची गाणी सुरू होतात. तीच ती वीस-पंचवीस गाणी. गणपतीच्या दिवसांत मांडवाला लागून ज्यांचं घर असतं त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. फक्त तुमची सुटका दहा दिवसांत होते, आमची व्हायला महिना लागतो.

पण आज त्या नेहमीच्या गाण्यांबद्दल लिहायचं नाहीये. कुठेच वाजत नाहीत अशा काही गाण्यांबद्दल लिहायचंय.

झालं असं की आमच्या ओहायोतल्या गावात एका घरी 'इस्टेट सेल' होता. घरातलं म्हातारं माणूस गेलं की इकडे सगळं सामान, अगदी चमचे-वाट्यांपासून कपाटांपर्यंत, त्याच घरात किमतीच्या चिठ्ठ्या लावून विकायला मांडतात. अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरात शिरून त्याच्या कपबशा उलटसुलट करून बघायच्या, हे पहिल्यांदा फार विचित्र वाटतं. नंतर निर्ढावतो माणूस. तर त्या घराच्या बेसमेंटमधे मला सात इंची रेकॉर्डचा एक खोका मिळाला. पाच डॉलरला सगळा. घरी आणून एकेक काढून बघायला लागलो तर मधेच एक रेकॉर्ड निघाली. कंपनी रूलेट, गायिका क्रिस्टीन हंटर, गाण्याचं नाव 'सांता, ब्रिंग मी रिंगो'. सन १९६४. म्हणजे कुणी एक मुलगी सांताक्लॉजला सांगतेय की यंदा मला बाहुली नको, सायकल नको, बीटल्समधला तो ढोलकीवाला, रिंगो स्टार, तेवढा आणून दे!

आधी हसू आलं. मग शोधायला लागलो, आणि लक्षात आलं की ही एकटी नाही. असल्या रेकॉर्डची एक पूर्ण जमातच आहे.

ती जमात समजून घ्यायची तर आधी ह्या सात इंची तबकडीचं अर्थशास्त्र बघायला हवं. आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ साली ही मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी बाजारात आणली. एका बाजूला एक गाणं, पाठीमागे दुसरं, मधे रुपयाहून मोठं भोक. माझी नोकरी प्लास्टिकचे सुटे भाग बनवण्याच्या कारखान्यात गेली, त्यामुळे मला ह्यातली कारागिरी जरा जास्तच जवळची वाटते. चांगली तबकडी व्हिनाइलची. गरम लगदा दोन साच्यांमधे दाबून काढायची. स्वस्तातली पॉलिस्टायरीनची, वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात सोडायचं, टूथब्रशचा दांडा करतात तसंच. ते काम झपाट्याने होतं. लेबल मागाहून चिकटवायचं. पण तबकडी लवकर झिजते, वजनदार सुईने दहा-वीस वेळा वाजवली की खरखरायला लागते. एक-दोन महिनेच टिकायचं गाणं असेल तर हरकत काय?

आणि खर्च? गाणाऱ्या मुलीला एका दुपारचे पैसे, दोन-चार वादक, भाड्याचा स्टुडिओ. गाण्याच्या लेखक-संगीतकाराला कायद्याने ठरलेला दर तबकडीमागे प्रत्येक गाण्याला दोन सेंट. हा दर १९०९ च्या कायद्याने ठरला आणि १९७७ सालापर्यंत तोच राहिला! शिवाय ज्यूकबॉक्समधे गाणं वाजलं तर त्याबद्दल गीतकाराला काहीही द्यावं लागत नसे. थोडक्यात, एखादी कल्पना सुचल्यापासून दुकानात तबकडी पोचेपर्यंत फारसा वेळही लागत नसे आणि पैसाही. दहा फसल्या नि एक चालली तरी धंदा वसूल.

त्यात नाताळ म्हणजे सुगी. आपल्या दिवाळी अंकांसारखं समजा. वर्षभर ज्याचं नाव कुणी ऐकलं नाही असाही एखादा अंक दिवाळीला निघतो, जाहिराती मिळवतो आणि पुढच्या वर्षी दिसत नाही. इथल्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांचं डिसेंबरमधे तसंच व्हायचं. मात्र दिवाळी अंक मार्गशीर्षातही वाचता येतो. नाताळची तबकडी २६ डिसेंबरला मेली. दुकानदार उरलेला माल परत पाठवतो.

पण एखादं गाणं लागलं की मात्र पिढ्यान् पिढ्या पोसतं. लाल नाकाच्या रूडॉल्फ हरणाची गोष्ट मुळात शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड ह्या दुकानाने १९३९ साली मुलांना फुकट वाटायला छापलेली पुस्तिका होती, पहिल्याच वर्षी २४ लाख प्रती वाटल्या. दहा वर्षांनी, १९४९ मधे, लेखकाचा मेहुणा जॉनी मार्क्स ह्याने त्यावर गाणं केलं, जीन ऑट्री ह्या काउबॉय नटाने ते म्हटलं, आणि आज रूडॉल्फशिवाय नाताळ होत नाही. १९५८ साली रॉस बॅगडासेरियनने टेपरेकॉर्डर अर्ध्या वेगाने ठेवून गाणं म्हटलं आणि ते पूर्ण वेगाने वाजवून खारीसारखा चिरका आवाज काढला. त्याचं 'चिपमंक साँग' चार आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पहिल्यावहिल्या ग्रॅमी पुरस्कारांत त्याला तीन बक्षिसं मिळाली, त्यातलं एक ध्वनिमुद्रणाच्या तंत्राबद्दल. (इंजिनियरांना बक्षीस! नोंद घ्यावी.) अशी दोन-तीन उदाहरणं डोळ्यांसमोर असली की लॉटरीचं तिकीट कोण घेणार नाही?

आता ह्यातला एक उपप्रकार बघा. 'मला नाताळला अमुक हवं' हा. लहान मूल सांताकडे हट्ट करतंय असं गाणं. डोनाल्ड गार्डनर नावाच्या न्यूयॉर्क राज्यातल्या शाळामास्तराने १९४४ साली दुधाचे दात पडलेल्या मुलांच्या बोबड्या बोलण्यावरून एक गाणं लिहिलं: मला नाताळला माझे पुढचे दोन दात हवेत. स्पाइक जोन्सच्या विनोदी वाद्यवृंदाने ते १९४८ मधे गाजवलं. १९५३ साली ओक्लाहोमाच्या गेला पीव्ही ह्या दहा वर्षांच्या मुलीने नाताळला पाणघोडा मागितला. ते गाणं इतकं चाललं की ओक्लाहोमा सिटीतल्या लोकांनी वर्गणी काढून तिला खरोखरीचा पाणघोडा आणून दिला आणि तिने तो तिथल्या प्राणिसंग्रहालयाला देऊन टाकला.

इथवर सगळं बालगीत. पण पुढच्याच वर्षी, १९५४ मधे, बेटी जॉन्सनचं 'आय वॉन्ट एडी फिशर फॉर ख्रिसमस' आलं. एडी फिशर हा तेव्हाचा तरुण मुलींचा लाडका गायक. दात, पाणघोडा आणि एकदम जिताजागता पुरुष! चाल तीच, हट्टाचा सूर तोच, फक्त वस्तूच्या जागी माणूस बसवला.

त्यानंतर दोन वर्षांनी एल्व्हिस प्रेस्लीची लाट आली. सप्टेंबर १९५६ मधे तो एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात झळकला आणि घरोघरच्या आईबापांची झोप उडाली. त्याच नाताळात लिबर्टी कंपनीने हॉली ट्विन्स ह्या जोडीकडून 'आय वॉन्ट एल्व्हिस फॉर ख्रिसमस' म्हणून घेतलं. त्यात मधेमधे एल्व्हिसच्या आवाजाची नक्कल करणारा मुलगा म्हणजे एडी कॉकरन, जो पुढे स्वतः रॉक अँड रोलचा मोठा गायक झाला. ॲटको कंपनीने लिटल लॅम्ब्सी पेन ह्या मुलीकडून 'आय वॉन्ट टू स्पेंड ख्रिसमस विथ एल्व्हिस' गाऊन घेतलं. ते रचणाऱ्यांतला एक होता बॉबी डॅरिन. दोनच वर्षांनी तोही स्टार झाला. एल्व्हिसला ह्यातलं काही विचारायची गरज नव्हती. नावाला कॉपीराइट नसतो. गाणं नवीन असलं, त्याची चाल आणि शब्द कुणाचे चोरलेले नसले की झालं.

तर साचा तयार होता. फक्त ओतायला नवीन देव हवा होता.

बीटल्सचं वेड आधी इंग्लंडात पसरलं, आणि नाताळची पहिली रेकॉर्डही तिथेच निघाली. डिसेंबर १९६३ मधे डोरा ब्रायन हिचं 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज अ बीटल' इंग्लंडच्या यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. गंमत म्हणजे ही बाई काही शाळकरी मुलगी नव्हती. चाळीस वर्षांची नावाजलेली नटी होती. तिथे तो उघड विनोद होता आणि ऐकणारेही विनोद म्हणूनच ऐकत होते.

अमेरिकेत मात्र तेव्हा बीटल्स कुणाला ठाऊक नव्हते. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींचा खून झाला होता, देश सुतकात होता. (फिल स्पेक्टरचा आज अजरामर मानला जाणारा नाताळ अल्बम नेमका त्याच दिवशी बाजारात आला आणि त्या साली पडला.) १० डिसेंबरला टीव्हीच्या बातम्यांत बीटल्सवर एक तुकडा दाखवला. तो पाहून मेरीलँडमधल्या मार्शा अल्बर्ट ह्या पंधरा वर्षांच्या मुलीने वॉशिंग्टनच्या डब्ल्यूडब्ल्यूडीसी रेडिओला पत्र लिहिलं की असं संगीत आपल्याकडे का नाही? तिथल्या कॅरोल जेम्स ह्या निवेदकाने लंडनहून येणाऱ्या विमानातल्या एका हवाई सुंदरीकरवी 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड'ची तबकडी मागवली आणि १७ डिसेंबरला ती मार्शाकडूनच जाहीर करवून वाजवली. फोनच्या घंटा थांबेनात. कॅपिटल कंपनी ते गाणं जानेवारीत काढणार होती, तिने घाईघाईने २६ डिसेंबरला काढलं. नाताळ उलटल्यावर दुसऱ्याच दिवशी!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १ फेब्रुवारीला ते गाणं बिलबोर्डच्या यादीत पहिलं, ७ फेब्रुवारीला बीटल्स न्यूयॉर्कला उतरले, ९ तारखेला एड सलिव्हनच्या कार्यक्रमात त्यांना सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिलं, आणि ४ एप्रिलला बिलबोर्डच्या यादीतले पहिले पाचही क्रमांक त्यांचेच होते. मग बीटल टोप, बीटल बाहुल्या, बीटल डबे. ह्या मालाचे हक्क विकण्यासाठी 'सेल्टेब' नावाची कंपनी होती (बीटल्सचं स्पेलिंग उलटं वाचा). तिच्याशी झालेल्या पहिल्या करारात दर शंभर डॉलरमधले नव्वद त्या कंपनीचे आणि दहा बीटल्सच्या बाजूचे होते. मॅनेजर ब्रायन एपस्टाईनला आपण काय सही केली ते कळेपर्यंत बरंच पाणी वाहून गेलं होतं.

म्हणजे १९६४ चा नाताळ हा अमेरिकेचा पहिला बीटल नाताळ. आणि छोट्या कंपन्या तो कसा सोडतील? माझ्या खोक्यातल्या क्रिस्टीन हंटरशिवाय बेकी ली बेक हिचं 'आय वॉन्ट अ बीटल फॉर ख्रिसमस' निघालं, चॅलेंज कंपनीकडून. (ही कंपनी १९५७ मधे काढली होती त्याच जीन ऑट्रीने, रूडॉल्फवाल्याने! १९६४ पर्यंत तो त्यातून बाहेर पडला होता, पण योगायोग बघा.) सिंडी रेला नावाच्या गायिकेचं 'ब्रिंग मी अ बीटल फॉर ख्रिसमस' ड्रम बॉय ह्या कंपनीने काढलं. नाव भरभर म्हणून बघा, सिंड्रेला होतं. ॲटकोने थ्री ब्लाँड माइस ह्या नावाने 'रिंगो बेल्स' काढलं, नावाचा उगम सांगायला नको. ह्याच ॲटकोने आठ वर्षांपूर्वी एल्व्हिसवर डाव लावला होता. कॅनडातल्या गॅरी फेरियर ह्या रेडिओवाल्याने तर 'रिंगो-डिअर' केलं: रेनडिअरच्या जागी रिंगो.

ह्या सगळ्यांत रिंगोच का? मला वाटतं कारणं दोन. एक म्हणजे नावच गाण्यात घालायला सोपं. जॉन, पॉल, जॉर्ज अशी नावं अमेरिकेत प्रत्येक गल्लीत, रिंगो एकच. दुसरं म्हणजे इंग्लंडात तो चौघांत शेवटी आलेला, ऑगस्ट १९६२ मधे. अमेरिकेला चौघे एकदमच दिसले. तिथे हा बुटका, मोठ्या नाकाचा, कसनुसा हसणारा रिंगो मुलींना जवळचा वाटला. इतका की १९६४ साली अठरा वर्षांच्याही आत असलेल्या शेरने, बॉनी जो मेसन ह्या टोपणनावाने, फिल स्पेक्टरसाठी 'रिंगो, आय लव्ह यू' म्हटलं. तिच्या खर्जातल्या आवाजामुळे रेडिओवाल्यांना तो मुलगा वाटला आणि त्यांनी ते वाजवायला नकार दिला! त्यात भर म्हणून ५ डिसेंबर १९६४ ला बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकाचं गाणं होतं 'रिंगो', लॉर्न ग्रीन ह्या टीव्हीनटाने नुसतं बोलून म्हटलेलं. ते होतं एका पिस्तुलबाज गुंडाबद्दल. आमच्या रिंगोशी संबंध शून्य. तो बिचारा त्या आठवड्यात लंडनच्या इस्पितळात टॉन्सिल काढून घेत होता.

ही गाणी मी सलग ऐकली. खरं सांगू? बहुतेक सुमार आहेत. मुलीचा आवाज मुद्दाम बारीक केलेला, मागे घंटांचा खुळखुळाट, मधेच कुठेतरी बीटल्सच्या आरोळीची नक्कल. पण ऐकता ऐकता एक गोष्ट मनात घोळायला लागली. ह्या मुली सगळं सांतालाच का सांगतात?

तो काळ आठवा. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने 'मला हा पुरुष हवा' असं उघड म्हणणं १९६४ च्या अमेरिकेतही चालणारं नव्हतं. बापाला सांगता येत नाही, पाद्र्याला नाही, आईला तर नाहीच नाही. पण तेच वाक्य सांताला उद्देशून म्हटलं की त्याचा हट्ट होतो. पाणघोडा मागण्याइतकं निरागस! गाणं लिहिणाऱ्यांना ही पळवाट अचूक सापडली होती. आणि दुसऱ्या बाजूने बघा: आजपर्यंत बाई ही वस्तू आणि पुरुष घेणारा, असं सगळीकडे चालत आलेलं, इथे पोरगी घेणारी आहे आणि पुरुष कागदात गुंडाळून, रिबीन बांधून झाडाखाली ठेवायची वस्तू. बार्बरा एरनराइक आणि तिच्या सहलेखिकांनी १९८६ च्या एका पुस्तकात असं मांडलंय की बीटल्सपुढे किंचाळणाऱ्या मुली वेड्या नव्हत्या, चांगल्या मुलीने कसं वागावं ह्या नियमांविरुद्धचं ते पहिलं सामूहिक बंड होतं. मला ते पटतं. फक्त त्या बंडाचा आवाज ह्या तबकड्यांवर आला तो धंदेवाल्यांनी गाळून, गोड करून. मुलींची ओढ खरी होती, शब्द मात्र बहुधा मोठ्या माणसांनी त्यांच्या तोंडी घातलेले.

मग ह्या विकत कोण घेत होतं? ह्याचं उत्तर मला त्या घरातच मिळालं. ज्या बाई सामान विकत होत्या त्या गेलेल्या म्हातारीची मुलगी. आता सत्तरी ओलांडलेल्या, १९६४ मधे बारा वर्षांच्या. काही दिवसांनी ती रेकॉर्ड त्यांची आठवण म्हणून परत हवी का विचारायला मी गेलो, तेव्हा त्या खळखळून हसल्या. त्यांनी त्या नाताळात बीटल्सची नवी रेकॉर्ड मागितली होती. आजी दुकानात गेली, रिंगो हे नाव दिसलं, नाताळचं गाणंही आहे म्हणाली आणि ही घेऊन आली. झाडाखालचा कागद फाडल्यावर ह्यांना रडू फुटलं. आजीसमोर रडायचं नाही म्हणून बाथरूममधे जाऊन रडल्या. नंतर एकदाच ती वाजवली, आजीच्या आग्रहाखातर, आणि पुढे साठ वर्षं खोका बदलत राहिला तरी टाकली मात्र नाही.

हे ऐकल्यावर मला त्या सगळ्या जमातीचं गणित उलगडल्यासारखं वाटलं. पोरींना खरे बीटल्स हवे होते. त्यांच्या तबकड्या दुकानात होत्याच, २६ डिसेंबरला तर त्यांचं 'आय फील फाइन' पहिल्या क्रमांकावर होतं. नक्कल खपायची ती न कळणाऱ्या आज्या-काकांना. आणि तेवढ्यावर गाणं गाजत नाही. ह्या अमेरिकन नाताळ-बीटल गाण्यांतलं एकही वर आलं नाही. क्रिस्टीन, बेकी ली, सिंडी रेला ही नावं त्या नाताळानंतर कुणाच्या तोंडी राहिली नाहीत. खुद्द बीटल्स मात्र १९६३ ते १९६९ दर नाताळला आपल्या चाहत्यांच्या मंडळासाठी गप्पा-टवाळक्यांची एक पातळ, वाकणारी तबकडी काढत आणि सभासदांना फुकट पाठवत. ज्यांच्या नावावर लोक पैसे करत होते ते स्वतः फुकट वाटत होते, हाही एक न्यायच.

काव्यगत न्यायाचा आणखी एक नमुना. क्रिस्टीनची तबकडी काढणाऱ्या रूलेटचा मालक मॉरिस लेव्ही हा न्यूयॉर्कच्या संगीतधंद्यातला अत्यंत बदनाम माणूस, माफियाशी लागेबांधे असलेला. १९६४ मधे ह्याने रिंगोच्या नावावर गाणं विकलं. पुढे ह्याच लेव्हीच्या कंपनीने जॉन लेननवर दावा लावला, की 'कम टुगेदर' ह्या गाण्यातली ओळ आमच्या मालकीच्या चक बेरीच्या गाण्यावरून घेतली! तडजोड झाली, ती मोडली, पुन्हा कोर्टकज्जे झाले, आणि शेवटी नुकसानभरपाई लेव्हीलाच जास्त द्यावी लागली. १९८८ मधे तो खंडणीच्या कटात दोषी ठरला आणि तुरुंगात जायच्या आधीच, १९९० साली, वारला.

इथे तुम्ही म्हणाल, चार टुकार गाणी विसरली गेली तर बिघडलं काय? मीही आधी असंच म्हणालो होतो. पण कायदा वाचल्यावर जरा अस्वस्थ झालो. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या कायद्यानुसार १९५७ पासून १४ फेब्रुवारी १९७२ पर्यंतच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचे हक्क १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत राखीव आहेत. बीटल्सच्या गाण्यांचेही आणि सिंडी रेलाच्याही. बीटल्सचा मालक कोण ते जगाला ठाऊक आहे. पण अशा कितीतरी छोट्या कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, परत विकल्या गेल्या; त्यांच्या तबकडीचा मालक शोधायचा कुठे? विनामोबदला वापरायला एक वाट ठेवलीय: आधी शोध घ्या, सरकारी कचेरीत नोटीस द्या, नव्वद दिवस थांबा. एवढी यातायात 'रिंगो बेल्स'साठी कोण करणार? मूळ टेपा कुठे असतील देव जाणे, आणि पॉलिस्टायरीन तर दर वाजवणीला झिजतंय. २०६७ साली दार उघडेल तेव्हा आत काही उरलेलं असेल का?

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला साठ वर्षांची मुदत आहे. म्हणजे १९६४ साली भारतात निघालेली तबकडी १ जानेवारी २०२५ पासून मोकळी झाली. (गीत आणि संगीत ह्यांचे हक्क वेगळे, ते कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं.) ह्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा शहाणा आहे, हे लिहिताना मला बरं वाटतंय. इथे राहून असं लिहायची संधी फार मिळत नाही.

पण कायदा मोकळा असून उपयोग काय, तबकडीच नसेल तर? नकला तर आपण कमी केल्या नाहीत. 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड'ची चाल शंकर-जयकिशन यांनी १९६५ च्या 'जानवर' चित्रपटात जवळजवळ जशीच्या तशी वापरली आणि शम्मी कपूर त्यावर नाचला. जुन्या मेळ्यांच्या पदांवर 'चाल' म्हणून गाजलेल्या नाट्यपदाचं नाव खुशाल छापलेलं असे. आणि दर भाद्रपदात गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर गणपतीची कॅसेट यायची, रस्त्यावर वाजायची आणि विसर्जनाबरोबर विसरली जायची. त्या कॅसेटवर गाणारी मुलगी कोण होती? तिला किती पैसे मिळाले? त्या वर्षी कुठलं गाणं इतकं गाजत होतं की देवालाही त्याच चालीवर आळवावं लागलं? आमच्या पिढीच्या गणेशोत्सवाचा खरा आवाज तो होता, निवडक भावगीतांचा नव्हे. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी जुन्या तबकड्या जमवतात, त्यांच्या नोंदी करतात. पण त्या स्वस्त कॅसेटी कुणी जपल्यात का? माझ्या स्वतःच्या घरच्या होत्या त्या मी २००३ साली आईला रद्दीवाल्याला द्यायला सांगितल्या. तेव्हा तो पसारा वाटला.

उत्तम गाणं आपोआप टिकतं, त्याला माझी गरज नाही. पण त्या काळी लोकांना रोज काय हवंसं वाटत होतं, कोण त्याचे पैसे करत होतं आणि कोण फसत होतं, हे कळायचं असेल तर सुमार, उचलेगिरीची, एका हंगामाची गाणीच बघावी लागतात. आजीने चुकून आणलेली रेकॉर्ड त्या बाईंनी साठ वर्षं जपली ती गाण्यासाठी नाहीच.

असो. ती तबकडी बाईंनी ठेवून घेतली. पाच डॉलर परत करायला लागल्या, मी घेतले नाहीत. मात्र देण्याआधी मी ती एकदा घरी वाजवली होती. माझी चौदा वर्षांची लेक कानातलं काढून ऐकायला आली. तिच्या खोलीच्या भिंतीवर कोरियातल्या सात पोरांचं पोस्टर आहे. पूर्ण गाणं ऐकून झाल्यावर मी म्हटलं, कसलं खुळचट गाणं ना? तर ती म्हणाली, "बाबा, गाणं वाईट आहे. पण ती मुलगी काय म्हणतेय ते मला कळतंय."